गहू कधीच न दळलेल्या घरघंटीचा अकरा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक आहे, आणि कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. या सगळ्या एक एचपीच्या घरघंट्या आतून बऱ्यापैकी सारख्याच असतात, कपाटासारखी बॉडी, वर धान्य टाकायची टाकी, मध्ये स्टीलचा चेंबर आणि त्यात गरगरणारी पाती, खाली पिठाचा डबा. घ्यायच्या आधी मी ढीगभर रिव्ह्यू वाचले आणि सगळीकडे तेच, गव्हाचं पीठ किती मऊ येतं नि चपात्या कशा टम्म फुगतात. मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. लेकीला सेलिआक आहे, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते, त्यामुळे आमच्या मशीनमध्ये अकरा महिन्यांत गहू दळला गेलेला नाही आणि जाणारही नाही. तुमच्या घरात पण सेलिआकवालं कोणी असेल तर पुढचं वाचा, नसेल तर तुमचं काम त्या फुगलेल्या चपात्यांवाल्या रिव्ह्यूंनी होईल.

मशीन का घ्यावं लागलं ते सांगते. पोरगी सात वर्षांची असताना कळलं. त्याच्या आधी दोन वर्षं हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून लोहाची बाटली, पोट फुगतं म्हणून जंताचं औषध, उंची वाढत नाही तर सगळे म्हणायचे आईवर गेलीये. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची, म्हणजे सेलिआकमध्ये रक्तात वाढणाऱ्या अँटिबॉडीची, रक्ततपासणी लिहून दिली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि मग आयुष्यभर गहू, रवा, मैदा, जव सगळं बंद. (इथे एक सांगून ठेवते, ज्यांना नुसती शंका आहे त्यांनी तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. बंद केला की रक्तातलं प्रमाण उतरतं आणि रिपोर्ट फसवा येतो. माझ्या जावेनं तिच्या मुलाचं तेच केलं आणि आता परत गहू खायला घालून थांबलीये.)

आम्हाला वाटलं आपण मराठी माणसं, आपल्याला काय अवघड, भाकरीच तर खायची. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळंच चालतं. पंजाबातल्या आयांचं काय होत असेल असं म्हणत मी स्वतःवर खूश होते. सहा महिने कडक पाळलं, बिस्किट नाही, ब्रेड नाही, मॅगी नाही, लग्नात गेलो तर डबा घेऊन. आणि सहा महिन्यांनी टीटीजी केली तर नॉर्मलच्या आठपट होती ती चारपटीवर आलेली. उतरली होती, पण डॉक्टरांना हवी तेवढी नाही. पोट अधूनमधून फुगायचंच. मी रडकुंडीला आले, पोरीवर पण चिडले की शाळेत कोणाच्या डब्यातलं खातेस का खरं सांग. बिचारी म्हणाली नाही गं आई. नव्हतीच खात ती.

आहारतज्ज्ञ मॅडमनी एकच प्रश्न विचारला, ज्वारी दळता कुठे?

आता गिरणी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरची, वीस वर्षांची ओळख. गिरणीवाल्या मामांकडे तीन चक्क्या आहेत, एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची, एक डाळीची, त्यामुळे मला वाटायचं आपलं वेगळंच दळलं जातंय. त्या दिवशी मुद्दाम अर्धा तास उभी राहिले. ज्वारीच्या चक्कीवर गर्दी नव्हती आणि गव्हाला सहा डबे रांगेत, तर मामांनी सरळ दोन डबे गहू ज्वारीच्या चक्कीत ओतले. ज्या पत्र्याच्या डब्याने धान्य ओतायचं तो एकच, पीठ ढकलायचा कुंचा एकच, चक्कीच्या तोंडाला बांधलेलं फडकं एकच. आणि हे सगळं नसतं तरी भिंती, पंखा, मामांच्या भुवया, सगळं पांढरं. मी मामांना म्हणलं, मामा, पोरीला गव्हाचा त्रास आहे, आमचं जरा चक्की साफ करून दळाल का. मामा म्हणाले, अहो ताई, एवढ्यातेवढ्याने काही होत नाही, आधीचं पीठ मूठभर येतं पहिल्यांदा, ते काढून टाकतो की. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच वाटतं मूठभराने काय होतंय.

मूठभर सोडा. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, मर्यादा किलोमागे 20 मिलीग्रॅम ग्लुटेन. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलीग्रॅमचा, त्यातला दहावा भाग ग्लुटेन धरा, म्हणजे 4 मिलीग्रॅम. किलोभर ज्वारीत गव्हाचे फक्त पाच दाणे आले की मर्यादा गाठली. आणि रोज 50 मिलीग्रॅमच्या आसपास पोटात जात राहिलं तर आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलेलं आहे, म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक, चिमूटभर. हा हिशोब मी नवऱ्याला पेनाने कागदावर करून दाखवला आणि त्या रविवारी आम्ही घरघंटी बघायला बाहेर पडलो.

याच्यात एक गंमत आहे जी मला नंतर सुचली. हेच मामा आषाढीच्या आधी चक्की झाडूनपुसून घेतात, पाटी लावतात, आज फक्त उपासाचं दळण, आणि कोणी चुकून गव्हाचा डबा आणला तर त्याला हाकलून देतात. राजगिऱ्यात गव्हाचं पीठ आलं तर उपास मोडतो हे सगळ्या महाराष्ट्राला कळतं. आतडं मोडतं म्हणलं तर, अहो ताई एवढ्यातेवढ्याने.

तर मशीन. आम्हाला साडेअठरा हजारांना पडलं, सहा जाळ्या, एक कुंचा आणि पिठाचा एक डबा त्यात आला. ओळखीतून एक सेकंडहँड आठ हजारांत मिळत होतं, अगदी नव्यासारखं, आणि नवरा तेच घेऊ म्हणत होता. सेलिआकसाठी सेकंडहँड चुकूनही घेऊ नका. चेंबरच्या मागे, मोटरच्या बाजूच्या फटीत, पिठाच्या पिशवीच्या शिवणीत जे पीठ बसलेलं असतं ते कितीही धुतलं-पुसलं तरी निघत नाही, आणि इलेक्ट्रिकचं मशीन धुता तर येतच नाही.

डेमोचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. कंपनीचा मुलगा आला, चांगला होता पोरगा, मशीन लावलं, लेव्हल केलं. मी डीलरला तीनदा फोनवर सांगितलेलं की डेमो तांदळाचा द्या. मी आत चहा टाकत होते, सासूबाई बाहेर हळदीकुंकू घेऊन उभ्या, नवीन मशीनची पूजा करायची म्हणून. आणि या सासूबाई आठवडाभर कुरकुरत होत्या बरं का, की एवढं अठरा हजारांचं मशीन आणि त्यात गहू दळायचा नाही, मग काय शोकेसला ठेवायचं. त्या मुलाने पिशवीतून एक पुडी काढली आणि, ताई, सेटिंग बघायला आधी गहूच टाकतो, असं म्हणत टाकीत ओतली. मला आतून तो दाण्यांचा खळ्ळ आवाज आला. मी गॅस सोडून धावेपर्यंत बाहेर सासूबाईंनी त्याचा हातच धरला होता, आणि ओरडत होत्या, अरे बटण दाबू नकोस, पोरीचं मशीन आहे ते! कुंकवाची करंडी फरशीवर. तो पोरगा एवढा घाबरला की प्लगच काढला त्याने.

मग आम्ही तिघांनी मोबाईलचा टॉर्च लावून टाकीतला गहू वेचला. हाताने, मग चिमट्याने, मग व्हॅक्यूमने. दोन दाणे खाली चेंबरमध्ये घरंगळलेले, ते त्याने जाळी सोडवून बाहेर काढून दिले. चक्की फिरली नव्हती म्हणून वाचलो, पीठ झालं असतं तर मी मशीन परतच पाठवणार होते. तरी पण नंतर दोन किलो तांदूळ दळून ते पीठ घरात ठेवलं नाही, वॉचमनकाकांना दिलं, आणि मग परत एक किलो. सासूबाईंनी त्या दिवसापासून एकदाही शोकेस म्हणलेलं नाही, उलट मशीनवर लाल अक्षरात गहू नाही असं त्यांनीच लिहून चिकटवलंय.

आता मशीन म्हणून कसं आहे ते. ज्वारी एक नंबर. आम्ही मंगळवेढ्याकडची मालदांडी आणतो, बारीक जाळीवर एकदाच दळली की भाकरी थापताना कडा फाटत नाही. ज्यांनी ज्वारीचं पाकीटबंद पीठ आणून भाकऱ्या केल्यात त्यांना माहितीये, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, कितीही गरम पाणी घाला, थापायला घेतली की भूगोलाचा नकाशा. घरी दळायचं म्हणजे आठवड्याला दीड-दोन किलोच दळायचं, विरी टिकते. बाजरी तर पाच-सहा दिवसांत कडवट लागायला लागते, ती मी एका वेळी अर्धा किलोच दळते. तांदूळ झकास, मोदकाच्या पिठीला धुऊन सावलीत पूर्ण वाळवून मग, ओल राहिली तर जाळी गच्च बसते, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी तेच झालं, अर्धा तास टाचणीने जाळीची भोकं मोकळी करत बसले होते. नाचणी ठीक. राजगिरा त्रास देतो, दाणा इतका बारीक की टाकीतून भसाभस खाली येतो, टाकीची झडप अगदी केसभर उघडून ठेवावी लागते. हरभरा डाळ आधी फोडून घ्यावी लागेल असं वाटलेलं, नाही लागत, सरळ दळली जाते, बेसन बाहेरून आणणं बंद केलंय.

आवाज. कॅटलॉगमध्ये कमी आवाजाचं असं लिहिलेलं वाचून हसू येतं. मिक्सर बरा म्हणावा. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा दुपारी झोपतात, त्यामुळे आमचं दळण संध्याकाळी सहानंतर, सिरियलच्या वेळेला, तेव्हा सगळ्यांकडेच आवाज असतो. दुसरं म्हणजे पिठाच्या डब्यावरची ती कापडी पिशवी. पहिल्या तीन महिन्यांत शिवण उसवली आणि अख्खं किचन पांढरं. कस्टमर केअरला फोन केला तर आठवड्याने पिशवी आली आणि तिचे पैसे वेगळे. दार उघडलं की मशीन आपोआप बंद होतं ते मात्र चांगलं आहे, घरात लहान मूल असेल तर. बिल म्हणाल तर एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, आमचं आठवड्याचं सगळं दळण अर्ध्या-पाऊण तासात होतं, म्हणजे अर्धा युनिट. बिलात कळतसुद्धा नाही.

सर्व्हिसिंगचं कुठल्याच रिव्ह्यूत वाचलं नव्हतं म्हणून सांगते. सहा महिन्यांनी मोफत सर्व्हिसिंगला माणूस आला, बॅग उघडली आणि कुंचा काढला. तो कुंचा पिवळसर पांढरा, जाम झालेला. म्हणलं दादा, हा सगळीकडे वापरता? म्हणे हो, आत्ता सकाळपासून चौथं घर. म्हणजे चार घरांची कणीक त्या कुंच्यात! त्याला आमचाच कुंचा दिला, आमचाच व्हॅक्यूम दिला, हात धुवायला लावले, आणि त्याने बदलून देऊ केलेली जाळी घेतली नाही कारण ती पाकिटात नव्हती, बॅगेत सुटी होती. त्याला वाटलं असेल बाई वेडी आहे. वाटू दे.

आणि मशीन घेतलं म्हणजे सुटलो असं नाही, कारण धान्यच आधी मिसळलेलं येतं. किराण्याच्या दुकानात ज्वारीच्या आणि गव्हाच्या पोत्यात एकच माप फिरत असतं. मी सुटी ज्वारी घेतच नाही, तरी गावाकडून आलेली पण स्टीलच्या मोठ्या ताटात थोडी थोडी पसरून निवडते. पांढऱ्या टपोऱ्या गोल ज्वारीत गव्हाचा लांबुळका तांबूस दाणा, मधे ती रेघ असलेला, लगेच उठून दिसतो. मागच्या पाच किलोंत नऊ निघाले. वरच्या हिशोबाने नऊ म्हणजे मर्यादेच्या आतच, पण न निवडता कळलं कसं असतं. लेक पण बसते निवडायला, तिला एका दाण्याला एक रुपया देते, त्यामुळे तिची नजर माझ्यापेक्षा तेज झालीये. बाजरीत पण दिसतो, पण तांदळात निवडायला डोळे फुटतात. नाचणी तर तेवढी बारीक असते की चाळणीने चाळली की गहू वर राहतो, ते सोपं. फक्त ही चाळणी पण वेगळी हवी हो, कणकेची चाळणी नाही चालत, तिच्या जाळीत कणीक अडकलेली असते. पोळपाट-लाटणं वेगळं, लाकडी तर नक्कीच, भाकरीचा तवा वेगळा, परात वेगळी. आमच्याकडे पोरीच्या सगळ्या वस्तूंना हिरवी टेप आहे.

मशीन आल्यावर चार महिन्यांनी टीटीजी नॉर्मलच्या किंचित वर, आणि आत्ता गेल्या महिन्यात नॉर्मल. सगळं श्रेय मशीनला देणार नाही कारण त्याच काळात आम्ही अजून दोन चोर पकडले. एक हिंग. ती पिवळी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बांधाणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ नाहीतर मैदा असतो, म्हणजे आम्ही रोजच्या आमटीत घालत होतो. आता तांदळाच्या पिठातला मिळतो तो आणतो. दुसरं मेतकूट, माझ्या आईने प्रेमाने पाठवलेलं, तिच्या कृतीत मूठभर गहू भाजून असतात. आता ती गव्हाशिवाय करते, आणि इथे पाठवते, मी इथे दळते. थालीपिठाची भाजणी पण तशीच, विकतच्या भाजणीत बऱ्याचदा गहू असतो.

अजून एक, कारण मला हे दर आठवड्याला कोणीतरी सांगतं. खपली गहू चालतो म्हणे, जुना गहू आहे, पचायला हलका. नाही चालत. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, सेलिआकला जुना काय नवा काय. सातूचं पीठ पण नाही, सातू म्हणजे जव, आणि त्या पिठात बऱ्याचदा बरोबर गहू पण असतो. दुधात घालायच्या माल्टवाल्या पावडरी नाहीत, माल्ट बहुतेक जवाचाच. याउलट मोहरीला राई म्हणतात म्हणून एक मावशी ग्लुटेनच्या यादीतली राय वाचून घाबरल्या होत्या, तर मावशी, ते धान्य वेगळं, तुमची फोडणी बिनधास्त चालू द्या.

घ्यावं का? एकटं-दुकटं राहत असाल, होस्टेलवर, भाड्याच्या खोलीत, तर नका घेऊ, अवजड धूड आहे ते, त्यापेक्षा ग्लुटेन फ्री छापलेलं पाकीट घ्या, महाग पडतं, आमच्याकडे किलोला दोनशेच्या पुढेच जातं, पण एका माणसाला किती लागतं. आणि नुसतं ज्वारीचं पीठ लिहिलेल्या पाकिटाच्या मागे ॲलर्जीची ओळ वाचा, गव्हाचा अंश असू शकतो असं लिहिलेलं असेल तर ते आपल्यासाठी नाही. कुटुंब असेल तर घ्या, साधी ज्वारी साठ-सत्तर रुपये किलोने मिळते, आमचे पैसे दोन-अडीच वर्षांत फिटतील असं नवऱ्याने एक्सेलमध्ये काढलंय. फक्त घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांकडून कबूल करून घ्या की गहू गिरणीतच जाणार. एकदाच, फक्त या वेळी, गिरणी बंद आहे म्हणून, असं कोणीतरी म्हणणारच, आणि त्या एका वेळेला मशीनचे पैसे पाण्यात.

माझ्याकडून मशीनला पाचपैकी साडेतीन. अर्धा पिशवीचा कापला, अर्धा आवाजाचा, आणि अर्धा डेमोच्या त्या पुडीचा.

आमच्या इमारतीत आता सगळ्यांना कळलंय की यांच्याकडे घरघंटी आहे. सुरुवातीला गव्हाचे डबे घेऊन यायच्या बायका, मी सेलिआक, ग्लुटेन, आतडं असं सगळं समजावून सांगायचे आणि त्या तोंड वाकडं करून जायच्या, की एवढं काय. शेवटी सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली, अहो, ते उपासाचं मशीन आहे आमचं. त्यानंतर गव्हाचा एक डबा दारात आलेला नाही. आता एकादशीच्या आदल्या दिवशी तिघी-चौघी राजगिरा नि शिंगाडा घेऊन येतात, आणि तो मी त्यांच्यासमोरच ताटात ओतून आधी निवडून घेते.